योनाला समुद्रात टाकताना

माझी नणंद स्कॉटलंडच्या लुईस बेटावर नर्स आहे. जुलैत तिच्याकडे राहायला गेले, तर तिनं परस्पर माझं नाव चर्चच्या 'हॉलिडे क्लब'ला देऊन ठेवलेलं! म्हणजे आपलं व्हीबीएसच, सुट्टीतली मुलांची बायबल शाळा. मुख्य भूमीवरच्या उल्लापूल बंदरातून फेरीबोटीचे अडीच तास मी कसे काढले ते विचारू नका.

नगरला आपण एका सतरंजीवर शंभरेक पोरं कोंबतो. इथं मुलं चौदा आणि मोठी माणसं आठ. येताना सही, जाताना सही, फोटोला वेगळी परवानगी, आणि कुठल्याही मुलाबरोबर एकटीनं थांबायचं नाही. कारण पटतं, पण वैताग यायचा तो आलाच. रविवारी बरीचशी दुकानं बंद. चर्चमध्ये पेटी नाही की ऑर्गन नाही; एकजण गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतल्या स्तोत्राची ओळ उचलतो, बाकीचे मागून येतात. अंगावर काटा आला. बाहेर मिज नावाची चिलटं फोडून खातात, तो काटा वेगळा.

माझ्या वाट्याला बायबलमधली योनाची गोष्ट आली: देवापासून पळणारा संदेष्टा, वादळ शमावं म्हणून खलाशी त्याला समुद्रात टाकतात आणि मोठा मासा त्याला गिळतो. हुकमी एक्का! निळी चादर हलवून वादळ करायचं आणि एक, दोन, तीन म्हणत योना पाण्यात. नगरला या जागी पोरं नुसती किंचाळतात. इथं कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे बसलेला एक सातेक वर्षांचा मुलगा, बाप कोळंबीच्या बोटीवर असलेला, ठामपणे म्हणाला, "माणूस पाण्यात गेला तर बोट वळवतात. टाकत नाहीत कुणाला."

ज्यूस-बिस्किटं सांभाळणाऱ्या आजी मग मला बाजूला घेऊन बसल्या. १ जानेवारी १९१९. महायुद्ध संपवून घरी येणाऱ्या नौसैनिकांची 'आयोलेअर' ही बोट लुईसच्याच स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली. २०० हून जास्त माणसं गेली, घराचे दिवे दिसण्याइतक्या अंतरावर. आजींच्या आजोबांचा भाऊ त्यातच गेला. एवढं सांगून त्यांनी बायबल उघडलं आणि योनाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाच्या तेराव्या वचनावर बोट ठेवलं: योनाला टाकण्याआधी खलाशांनी वल्ही मारून तारू किनाऱ्याला लावायची शिकस्त केली होती. आपल्याकडे हे वचन कुणी सांगत नाही. सगळ्यांना माशाची घाई.

दुसऱ्या दिवशी गोष्ट त्या मुलालाच सांगायला दिली. त्याचे खलाशी वल्ही मारतायत, मारतायत, थांबायचं नाव नाही. आजी घड्याळ दाखवतायत, ज्यूस ओतून ठेवलेला. तेव्हा कुठे योना पाण्यात गेला, तोही लाइफ जॅकेट घालून.