गावनामांच्या तक्त्यातील माऊस आणि स्तंभांची रुंदी

बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि खानापूर या तालुक्यांतील गावांची मराठी व कन्नड नावे शेजारी शेजारी दाखवणारा माझा छोटा पायथन प्रोग्रॅम टीके-इंटर या पायथनच्या खिडक्या बनवणाऱ्या साधनसंचातील ट्रीव्ह्यू या तक्त्याच्या घटकावर उभा आहे, आणि या आठवड्याचे बहुतेक काम त्या तक्त्याच्या शीर्षपट्टीवरच झाले.

दोन स्तंभांमधील रेघ ओढून रुंदी वाढवायला जावे, तर रुंदी वाढतेच, पण त्याबरोबर सगळी यादी नव्याने क्रमवार लागून समोरची निपाणीची ओळ कुठेतरी खाली निघून जात असे. चूक माझीच होती. शीर्षकावर क्लिक झाल्यावर काय करायचे ते सांगणारा 'कमांड' हा तयार पर्याय असतो; परंतु शिफ्ट दाबून दुसऱ्या स्तंभाचाही क्रम लावता यावा म्हणून मी ते काम थेट डाव्या बटणाच्या दाबाशी बांधले होते, आणि रेघेवरचा दाब कोणता व शीर्षकावरचा कोणता, हे त्यात तपासलेच नव्हते. आता बटण दाबताच माऊसखाली तक्त्याचा कोणता भाग आहे हे 'आयडेंटिफाय रीजन'ला विचारून उत्तर जपून ठेवतो. ते 'हेडिंग' असेल आणि बटण त्याच शीर्षकावर सुटले असेल, तरच क्रम बदलतो.

खिडकी मोठी केल्यावर हाताने बसवलेल्या रुंदी विस्कटत, कारण खिडकीबरोबर स्तंभ ताणणारा 'स्ट्रेच' हा पर्याय मुळात प्रत्येक स्तंभासाठी चालूच असतो. तो शेवटच्या 'टीप' या स्तंभापुरता ठेवल्यावर प्रश्न मिटला. किमान रुंदीही मूळच्या 20 पिक्सेलवरून शीर्षकाच्या मापाइतकी केली.

खरा वेळ गेला तो रेघेवर दोनदा क्लिक केल्यावर स्तंभ मजकुराइतका रुंद करण्यात. आरंभी मी पायथनच्या 'लेन'ने मोजलेल्या चिन्हांच्या संख्येला एका अक्षराच्या रुंदीने गुणले. 'हुक्केरी' वाचताना तीन अक्षरे दिसतात, पण ह, उकार, क, हलंत, क, एकार, र, ईकार अशी संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हे होतात, त्यामुळे स्तंभ दुपटीहून अधिक फुगे. आता टंकाच्या (फॉन्टच्या) रुंदी मोजणाऱ्या 'मेझर'ला संपूर्ण शब्द देतो आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडतो. मोजण्याचा टंक आणि तक्त्याचा टंक एकच असावा लागतो, ही गोष्ट ध्यानात यायला एक संध्याकाळ खर्ची पडली.

त्याच हुक्केरीने दुसरी उणीवही दाखवली. कन्नडात दुसरा 'क' ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातील खाली लिहायचे रूप, होऊन ओळीखाली लोंबतो, आणि ओळीची उंची 20 पिक्सेल असल्याने तो कापला जाई. ट्रीव्ह्यू मजकूर पाहून उंची आपोआप वाढवत नाही. म्हणून टंकाच्या 'लाइनस्पेस'मध्ये, म्हणजे त्याच्या एका ओळीच्या उंचीत, 6 पिक्सेल मिळवून 'रोहाइट', म्हणजे तक्त्यातील ओळीची उंची, ठरवली.

बसवलेल्या रुंदी प्रोग्रॅम बंद करताना जतन होत नाहीत, ते काम अजून हाती घेतलेले नाही.