कापलेले आठ बार

चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात नामांकन मिळालेली गाणी मंचावर सादर होतात, तेव्हा ती चित्रपटात असतात तेवढी लांब नसतात, हे ऐकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. चार-साडेचार मिनिटांचे गाणे दोन मिनिटांच्या आत बसवायचे आणि तरीही ते तेच गाणे वाटले पाहिजे, हे काम कोणाला तरी करावे लागते. संगीत संयोजक म्हणून गेली काही वर्षे ते माझ्याकडे येत आहे. ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी सकाळी दहा वाजता रंगीत तालीम होती आणि रात्री थेट प्रक्षेपण होते.

पाच गाण्यांपैकी तिसरे गाणे संथ होते. मूळ लांबी ४ मिनिटे १८ सेकंद, आणि आम्हाला मिळालेली वेळ १ मिनिट ५० सेकंद. लय मिनिटाला ७२ ठोक्यांची असल्यामुळे चार ठोक्यांचा एक बार साधारण ३.३ सेकंदांचा होत होता. म्हणजे माझ्या हातात एकूण ३३ बार होते. सुरुवातीचे संगीत चार बार, मुखडा, पहिला अंतरा, मग शेवटचा मुखडा, जिथे पट्टी एका स्वराने वर चढते, त्याच्या शेवटच्या ओळीची पुनरावृत्ती आणि अखेरीस वाद्यांचा दोन बार लांबवलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, एवढे मी ठेवले होते. दुसरा अंतरा आणि शेवटच्या मुखड्याआधीचा आठ बारांचा म्युझिक पीस मी काढून टाकला होता. मूळ गाण्यात त्या आठ बारांमध्ये पट्टी हळूहळू वर सरकत जाते. त्याऐवजी मी एकाच कॉर्डचा पूल बांधला होता आणि कागदावर तो उत्तम दिसत होता.

आधीच्या दोन दिवसांच्या कॅमेरा तालमींमध्ये काहीच अडले नव्हते. यात नवल नाही, कारण अशा तालमींमध्ये गायक अर्ध्या आवाजात गातात. प्रकाशयोजना, कॅमेऱ्याच्या जागा आणि मंचावरचे चालणे बसवण्यासाठी एकच गाणे सात-आठ वेळा म्हणावे लागते, आणि प्रत्येक वेळी पूर्ण आवाज लावला तर खऱ्या दिवशी गळ्यात काही उरत नाही. त्यामुळे पूर्ण ताकदीने हे गाणे मंचावर पहिल्यांदा गायले गेले ते त्या सकाळीच. मुखडा छान झाला, अंतरा छान झाला. शेवटच्या मुखड्याच्या तिसऱ्या ओळीतल्या वरच्या स्वरावर गायिकेचा आवाज चिरकला. पुन्हा सुरुवातीपासून घेतले, तर त्याच जागी पुन्हा तसेच झाले.

अशा वेळी सभागृहात जी शांतता पसरते, ती या क्षेत्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेली असते. कोणी काही बोलत नाही, पण प्रत्येक जण मनात पर्याय मोजू लागतो. पाच मिनिटांतच निर्मितीच्या बाजूने सूचना आली की आवाज मूळ ध्वनिमुद्रणातला वापरू आणि बाईंनी फक्त ओठ हलवावेत. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. थेट प्रक्षेपणात आवाज फुटला तर ती चित्रफीत गायिकेच्या मागे आयुष्यभर लागेल, अशी त्याला खरोखर काळजी होती. गायिका माईक दोन्ही हातांत धरून खाली बघत उभी होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, माझा गळा बसलेला नाही. काय होतंय ते मलाच कळत नाहीये."

मी ध्वनिकक्षात गेलो आणि तालमीच्या मुद्रणातला फक्त तिच्या माईकचा ट्रॅक हेडफोनवर ऐकला. वाद्ये बाजूला केली की आवाजासोबतच्या बारीकसारीक गोष्टी ऐकू येतात. ओठ उघडल्याचा आवाज, माईकवर फिरलेली बोटे, कपड्यांची सळसळ आणि सर्वांत स्पष्ट म्हणजे श्वास. पहिल्या मुखड्याआधीचा तिचा श्वास लांब आणि निवांत होता. अंतऱ्याच्या प्रत्येक ओळीनंतरचा श्वास छोटा होता, पण पुरेसा होता. शेवटच्या मुखड्याआधी मात्र अर्ध्या ठोक्यात ओढून घेतलेला, अर्धवट तुटलेला एक श्वास होता, आणि त्याच श्वासावर तिला गाण्यातल्या सर्वांत अवघड ओळी पेलायच्या होत्या. मग मी मूळ गाणे लावले. तिथे त्या जागी तिला जवळजवळ २७ सेकंद मिळत होते. ते आठ बार संगीतकाराने केवळ सजावटीसाठी ठेवलेले नव्हते. अंतरा संपवून दमलेल्या गायिकेने पुन्हा उभे राहावे, नवी पट्टी कानात भरून घ्यावी आणि मगच वर चढावे, यासाठी ते तिथे होते. चूक तिच्या गळ्यात नव्हती, माझ्या कात्रीत होती.

मी तसे सगळ्यांसमोर सांगितले. आठपैकी सहा बार परत आणले तरी तिचे काम भागले असते, पण सहा बार म्हणजे २० सेकंद, आणि सोहळ्याच्या दिग्दर्शकाने २० सेकंद देण्यास स्पष्ट नकार दिला. त्याचेही चुकत नव्हते. मिनिटामिनिटाचा तक्ता आखलेला असतो, जाहिरातींच्या वेळा विकलेल्या असतात, आणि पाच गाण्यांनी प्रत्येकी २० सेकंद मागितले तर एका पुरस्काराचे भाषण मधेच तोडावे लागते. पण गाण्यावर चालणाऱ्या या कात्रीचे मला फार वाईट वाटते आणि ते मी लपवत नाही. २००९ च्या ऑस्कर सोहळ्यात तीनच गाण्यांना नामांकन होते आणि त्यांपैकी दोन ए. आर. रहमान यांची होती. तरीही तिन्ही एकाच मालिकेत ओवून सादर करायचे ठरले आणि तिसऱ्या गाण्याच्या वाट्याला ६५ सेकंद आले. ते गाणे ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांचे होते. त्यांनी तेवढ्या वेळात गाण्यास नकार दिला आणि त्यांच्या जागी अमेरिकन गायक जॉन लेजंड गायले. मी गॅब्रिएल यांच्या बाजूचा आहे. ६५ सेकंदांत गाणे ओळखू येते, पण ऐकले जात नाही. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, नामांकित गाणी मंचावर आलीच नाहीत. २०१२ मध्ये आणि २०२५ मध्येही तसेच झाले. गाणे म्हणजे सोहळ्यातली विश्रांतीची जागा असे एकदा ठरले, की वेळ वाचवताना पहिला हात तिथेच पडतो.

दिग्दर्शक वेळ देणार नव्हता, तेव्हा ती आमच्याच १ मिनिट ५० सेकंदांतून काढणे भाग होते. गाण्याची वेळ निवेदिकेच्या शेवटच्या शब्दापासून मोजली जाते. सुरुवातीचे चार बार तिच्या शेवटच्या वाक्याखाली सुरू केले, तर १३ सेकंद मोकळे होत होते. २०१९ च्या ऑस्करमध्ये लेडी गागा आणि ब्रॅडली कूपर यांचे गाणे निवेदनाशिवायच सुरू झाले होते. मंचावर पियानो सर्वांच्या डोळ्यांदेखत आणला गेला आणि ते दोघे प्रेक्षागृहातल्या आपल्या खुर्च्यांवरून उठून सरळ वर चालत गेले. गाण्याची सुरुवात निवेदन संपल्यावरच झाली पाहिजे असा नियम नाही, हे मी त्या रात्री शिकलो होतो. उरलेले सात सेकंद शेवटच्या लांबवलेल्या कॉर्डमध्ये होते. तो काढला तर गाणे वाद्यांवर न संपता तिच्या आवाजावर संपणार होते. हा बदल करताना माझा हात अडखळला, कारण वाद्यांचा तो शेवट टाळ्यांना बोलावतो आणि त्याच्याशिवाय गाणे उघड्यावर पडेल असे मला वाटले.

या गाण्याचे ज्येष्ठ संगीतकार पाचव्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, "सर, आठांतले कोणते दोन बार सोडू?" त्यांनी नोटेशनचा कागद घेतला, डोळे मिटून दोनदा हाताने लय धरली आणि तिसऱ्या-चौथ्या बारावर बोट ठेवले. बाकी एक शब्दही बोलले नाहीत.

कागदावर सहा बार वाढवणे सोपे असते, पण मंचावरच्या गाण्याला किती गोष्टी बांधलेल्या असतात ते अशा वेळी कळते. वादकांच्या कानात लय मोजत वाजणाऱ्या क्लिकची फाइल नव्याने जुळवावी लागली आणि मुद्रित वाद्यांचा ट्रॅक मुख्य व राखीव अशा दोन्ही संगणकांवर पुन्हा चढवावा लागला. प्रकाशयोजना आणि मागच्या पडद्यावरची चित्रे टाइमकोडवर, म्हणजे ट्रॅकसोबत धावणाऱ्या घड्याळावर, चालत असल्याने शेवटच्या मुखड्यातला प्रत्येक बदल सहा बार पुढे ढकलावा लागला. ते काम करणारी मुलगी जेवण सोडून बसली आणि तिने ते चाळीस मिनिटांत संपवले. चोवीस तंतुवादकांच्या नोटेशनवर कापलेल्या भागावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या नखाने हळूच सोडवायच्या आणि वगळलेल्या दोन बारांवर पेन्सिलीने फुली मारायची, हे मी स्वतः प्रत्येकाच्या स्टँडपाशी जाऊन केले.

सर्वांत मोठा धोका निवेदनाचा होता. माणसाचे बोलणे क्लिकवर चालत नाही. निवेदिका सावकाश बोलली, तर तिचे वाक्य संपण्याआधीच गाणे सुरू झाले असते. म्हणून आम्ही सुरुवातीच्या संगीतातले शेवटचे दोन बार गरजेप्रमाणे पुन्हा फिरवता येतील असे बांधले. कंडक्टरने हात वर धरला की ट्रॅक चालवणारा सहकारी ते पुन्हा वाजवणार आणि हात खाली आला की पुढे जाणार. वादक, गायिका आणि कंडक्टर एकमेकांना दिसतील अशा अंतरावर होते, म्हणूनच हे शक्य झाले. २०१३ च्या ऑस्करमध्ये वाद्यवृंद नाट्यगृहापासून सुमारे मैलभर दूर, कॅपिटॉल स्टुडिओत बसला होता आणि त्याचा आवाज तारेने आणला होता. असा वाद्यवृंद उत्तम वाजवू शकतो, पण बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून दोन बार थांबणे त्याला किती अवघड जाईल, याची मी कल्पना करू शकतो.

दुपारी फक्त एकदा, अर्ध्या आवाजात, आम्ही गाणे घेतले. पूर्ण आवाजात पुन्हा म्हणून बघू का, असे तिने विचारले आणि मी नको म्हणालो. तो निर्णय माझा होता आणि रात्रीपर्यंत मला त्याने स्वस्थ बसू दिले नाही.

रात्री मी मंचाच्या डाव्या विंगेत, कंडक्टर दिसेल अशा जागी उभा होतो. निवेदिकेचे शेवटचे वाक्य सुरू झाले, तंतुवाद्ये हलकेच आली आणि वाक्यात चित्रपटाचे नाव येताच प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही हे धरलेच नव्हते. निवेदिका अनुभवी होती. ती हसून थांबली. कंडक्टरचा डावा हात वर गेला आणि दोन बार पुन्हा फिरले. टाळ्या थांबेनात, तेव्हा ते तिसऱ्यांदा फिरले. वाक्य पूर्ण झाले, हात खाली आला आणि गायिकेने मुखडा उचलला.

अंतरा संपल्यावर ते सहा बार आले. दिग्दर्शकाच्या आराखड्यानुसार इथे कॅमेरा प्रेक्षकांकडे वळणार होता. तिने माईक कमरेपर्यंत खाली घेतला, मान किंचित व्हायोलिनांकडे वळवली आणि डोळे मिटले. तिचे खांदे हलले नाहीत. श्वास पोटातून, तळापासून भरला जात होता आणि पोशाखाच्या पट्ट्यापाशी तो दिसत होता. माझ्या इंटरकॉमवर दिग्दर्शकाचा आवाज आला, "कॅमेरा दोनवरच राहा. हलू नका." पाचव्या बारात पट्टी वर सरकली, सहाव्यात माईक वर आला. तिसऱ्या ओळीतला तो स्वर तिने लावला आणि त्यावर एक ठोका जास्त थांबली, कारण आता तिच्याकडे तेवढा श्वास होता.

गाणे तिच्या आवाजावर संपले. टाळ्यांना बोलावणारा कॉर्ड नव्हता, त्यामुळे क्षणभर कोणीच काही केले नाही, आणि मग सगळे एकदम उठले.

पुरस्कार दुसऱ्या गाण्याला मिळाला. मंचावरच्या सादरीकरणाने त्यात फरक पडणार नव्हता, कारण मतदान आधीच संपलेले असते. शिवाय असा पुरस्कार बहुतेक ठिकाणी गीतकार आणि संगीतकाराचा असतो. ऑस्करमध्येही तसेच आहे. गायकाच्या वाट्याला येतात ती एवढीच दोन मिनिटे. काही वेळा उलटही घडते. २००५ मध्ये उरुग्वेचे गायक-गीतकार होर्हे ड्रेक्सलर यांचे स्पॅनिश गाणे ऑस्करच्या मंचावर त्यांना गाऊ दिले नाही, दुसऱ्या प्रसिद्ध कलावंतांकडून गाऊन घेतले. पुरस्कार त्यांनाच मिळाला, तेव्हा त्यांनी आभाराच्या भाषणाऐवजी आपल्या गाण्याच्या ओळी कोणत्याही साथीशिवाय म्हटल्या. मला ती काही सेकंदे त्या रात्रीच्या संपूर्ण सादरीकरणापेक्षा जास्त आठवतात.

सामान आवरताना वेळेची नोंद ठेवणाऱ्या सहकाऱ्याने तक्ता माझ्यापुढे धरला. निवेदिकेच्या शेवटच्या शब्दापासून तिच्या शेवटच्या स्वरापर्यंत १ मिनिट ५२ सेकंद झाले होते. मी सही केली आणि वादकांच्या स्टँडवरून नोटेशन गोळा करायला गेलो. चेलोच्या पहिल्या पानाला सकाळची कागदाची एक पट्टी कोपऱ्याशी अजून चिकटलेली होती. मी ती सोडवली आणि खाली झाकलेले दोन ठोके नीट दिसतील असे पान सरळ केले.