तुम्ही विचारलंत म्हणून: साधं 'अटक केली' का लिहीत नाही?

मी सांगलीत गुन्हेवृत्त लिहितो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. "सारखं जेरबंद, सारख्या मुसक्या! साधं 'अटक' लिहायला काय होतं?"

होत काहीच नाही, मथळ्याला धार येत नाही एवढंच. 'अटक' म्हणजे मुळात नुसती अडवणूक. 'जेरबंद' हा फारसीतून आलेला घोड्याच्या साजातला शब्द. घोड्यानं मान उडवू नये म्हणून लगामापासून पोटाखालच्या तंगापर्यंत जी वादी बांधतात, ती जेरबंद. आणि मुसकी, म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची जाळी, म्हटली की आमच्या भागात आधी कोळपणीचा बैल आठवतो. म्हणजे गुन्हा शाबीत व्हायच्या आतच आम्ही माणसाला दावणीला नेतो. मला हे दोन्ही शब्द आवडत नाहीत, तरी डेस्कवरून तेच छापून येतात. 'चतुर्भुज' त्यातल्या त्यात बरा. तो लग्नालाही चालतो.

गावात यातलं काही कुणी बोलत नाही. चौकात म्हणतात 'उचलला', टवाळ पोरं म्हणतात 'सासरी गेलाय', आणि प्रकरण जड असेल तर 'कळंब्याला जातोय आता', म्हणजे कोल्हापूरच्या कळंबा जेलात. घरचे मात्र एवढंच म्हणतात, "न्हेलाय त्येला." कुणी, कशासाठी, काही नाही.

बेचाळीसच्या चळवळीतल्या लोकांसाठी आणखी वेगळी भाषा. ते 'आत गेले' नव्हते, त्यांनी 'तुरुंगवास भोगला'. वसंतदादा पाटील 24 जुलै 1943 ला सांगलीच्या जेलमधून निसटले, पण त्यांना इथं कुणी फरारी म्हणणार नाही. दादांनी 'जेल फोडला'.

खरा कामाचा शब्दप्रयोग मात्र पोलीस ठाण्याच्या आवारात ऐकायला मिळतो: 'अटक दाखवली', म्हणजे कागदोपत्री अटक नोंदवली. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावंच लागतं. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदातच ते आहे. 'चौकशीसाठी ताब्यात' म्हटलं की हे घड्याळ कधी सुरू झालं त्यावरच वाद घालता येतो. म्हणून 'परवा न्हेला, अटक आज दाखवली' हे वाक्य वकील कान टवकारून ऐकतो. पुढचा प्रश्न, पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, किती दिवसांचा? एमसीआर झाला म्हणजे पोलिसांकडून सुटून न्यायालयीन कोठडीत गेला, आता जामिनाचं बघा. बातमीत मी हल्ली 'ताब्यात' आणि 'अटक' यांतला फरक तेवढा काटेकोर पाळतो. मथळा माझ्या हातात नसतो.