नवा प्रकल्प: अपटाइम कुमाची पहिली मांडणी

घरच्या सर्व्हरवरच्या सेवांवर लक्ष ठेवायचं काम अखेर हाती घेतलं. प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारं) ही जोडी दमदार आहे, पण मला आलेख नकोत. सेवा चालू आहे की बंद, आणि बंद पडली तर लगेच निरोप, एवढंच हवंय. म्हणून लुई लॅम यांचं अपटाइम कुमा हे सेवांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर निवडलं. डॉकरचा एकच कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी), सोबत सगळा डेटा ठेवणारी एसक्यूलाइटची फाइल; वेगळा डेटाबेस उभा करायची गरज नाही.

बसवलं ते मुद्दाम वेगळ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. ज्या मशीनवर पहारा ठेवायचा त्याच्यावरच पहारेकरी बसवला, तर मशीन पडताच दोघंही गप्प. डेटाचा व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरचा साठा) पायला जोडलेल्या एसएसडीवर ठेवलाय. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, तो अजिबात ठेवू नका; तिथे फाइल लॉकिंगचा (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून फाइलला लागणाऱ्या कुलपाचा) भरवसा नसतो आणि एसक्यूलाइटची फाइल खराब होऊ शकते. पोर्ट ३००१ उघडून ॲडमिन खातं केलं की बाकी सगळं ब्राउझरमधूनच.

खरी मजा मॉनिटरचा, म्हणजे प्रत्येक सेवेच्या तपासणीचा, प्रकार निवडण्यात आहे. साधा एचटीटीपी मॉनिटर २०० हा ‘सगळं ठीक’चा कोड आला की खूश होतो, पण आत डेटाबेस बंद पडलेला असतानाही काही ॲप्स २०० देऊन रिकामं पान दाखवतात. म्हणून पानात ठरलेला शब्द आहे का हे पाहणारा कीवर्ड मॉनिटर लावला, आणि शब्द निवडला तो डेटाबेसमधून येणाऱ्या मजकुरातला. शीर्षकातला शब्द घेऊन उपयोग नाही, तो पान अर्धवट असलं तरी येतो.

बॅकअपसाठी पुश मॉनिटर. यात उलटं असतं: कुमा एक पत्ता देतं आणि स्क्रिप्टने काम झाल्यावर त्याला हाक मारायची; मुदतीत हाक आली नाही की कुमा निरोप पाठवतं. कर्लची (ही हाक मारणाऱ्या कमांडची) ओळ बॅकअपच्या आदेशाला दोन अँपरसँडने (&&) जोडलीय, म्हणजे बॅकअप फसला तर हाक जातच नाही. रोज रात्रीच्या बॅकअपला मुदत ८६,४०० (२४ तास) ऐवजी ९०,००० सेकंद दिली; कधी उशीर झाला तरी तासाभराची सवड राहते.

बाकीच्या मॉनिटरना दोन तपासण्यांत ६० सेकंदांचं अंतर आणि ३ रिट्राय, म्हणजे सेवा बंद ठरवण्याआधी ३ फेरतपासण्या. अपडेटनंतर कंटेनर पुन्हा उठेपर्यंत कुमाच्या पानावरची त्या सेवेची पट्टी नारिंगी होते, पण निरोप येत नाही. मग एक सेवा मुद्दाम थांबवून पाहिली. रिट्राय संपताच पट्टी लाल झाली आणि टेलिग्रामवर निरोप आला. भारी वाटलं!

आता स्टेटस पेज (सेवांची स्थिती दाखवणारं पान) आणि एचटीटीपीएस प्रमाणपत्रांच्या मुदतीच्या सूचना लावायच्या आहेत.