किल्ल्या कुणाकडे?

इंग्लंडात, रेडिंगला येऊन सहा वर्षं झाली, तरी लेकाच्या शाळेचं पत्र आलं की अजून पोटात गोळा येतो. या खेपेला पत्र मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. 31 ऑगस्टला त्या शाळा सोडताहेत. ऑगस्टअखेर जायचं तर इथे 30 एप्रिलच्या आत राजीनामा द्यावा लागतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस सुतक, तिसऱ्या दिवशी धावपळ.

इथे लेकाच्या शाळेसारख्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक शाळेचीच गव्हर्निंग बॉडी, म्हणजे कारभार पाहणारी समिती, निवडते. तिच्यात पालकांनी मतं देऊन पाठवलेले निदान दोन पालक असतात. पदाची जाहिरात निघते, मुलाखती होतात. आम्हाला एक फॉर्म आला : नव्या मुख्याध्यापकात कोणते गुण हवेत? सातारच्या माणसाला असं कुणी विचारावं! मी दोन रात्री बसून निबंध लिहिला. पोरांनाही उमेदवारांना प्रश्न विचारायचे होते. आमच्या चिरंजीवांचा प्रश्न : पावसात खेळायला सोडाल का?

रविवारी वहिनीला फोनवर हे सगळं फुशारकीनं सांगितलं. यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची ती अध्यक्ष. तिच्या शाळेचे गुरुजीही 58 पुरे करून मेअखेर निवृत्त होणार होते.

"आम्हाला कोण विचारतंय?" ती हसली. "जिल्हा परिषद धाडंल तो आपला."

शिक्षण हक्क कायद्याने समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या बायका, पण गुरुजी कोण यावा हे ठरवणं त्यांच्या हातात नाही. त्यात पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर असेल तरच वेगळं मुख्याध्यापकपद. वहिनीच्या शाळेत साठ पोरं. म्हणजे जो ज्येष्ठ, त्याच्याकडे चार्ज.

मला वाटलं, विषय संपला. तर तिने वही उघडली. ती आणि आणखी दोघी आया दोन दुपारी गुरुजींसमोर बसून लिहून घेत होत्या. "खात्याच्या चेकवर त्यांची न् माझी सही. ठराव करून बँकेत नवी सही दिली नाही तर जूनमध्ये खडू आणायला पैसा नाही. टाकीचा कॉक उलटा फिरतो. धान्याच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडं, ते लिहिलंय. वरच्या वाडीची दोन पोरं ओढ्याला पाणी आलं की अकराला येतात, त्यांना ओरडायचं नाही."

मी गप्प. एवढं कशाला लिहायचं, असं तोंडून निघून गेलं माझ्या.

"अगं, प्रतापसिंह हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव रजिस्टरात चढलं, म्हणून आपण त्या दिवशी विद्यार्थी दिवस करतो. कुणी लिहिलं नसतं तर?" आणि लगेच, "तुमच्या बाईंना काय काय ठाऊक होतं, ते घेतलंय का लिहून?"

नव्हतं घेतलं. फॉर्ममध्ये बारा प्रश्न, सगळे येणाऱ्या माणसाबद्दल. जाणाऱ्या बाईंबद्दल एकही नाही.

गुरुवारी पालकांची बैठक होती, खरं तर केक विकून पैसे जमवण्यासाठी. शेवटी भीत भीत मी वहिनीचा प्रश्न माझ्या मोडक्या इंग्रजीत पुढे केला. क्षणभर कुणी बोलेना. मग एक आई म्हणाली, तिची मुलगी सकाळच्या गर्दीला बिचकते, म्हणून बाई रोज तिला स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतात. हे वर्गशिक्षिकेलाही माहीत नव्हतं! त्यानंतर लोक थांबेचनात. कुणाच्या आजोबांना फोन करायचा, आईला नाही. कुठल्या दोन भावांना एका बाकावर बसवायचं नाही. केकच्या हिशेबाचा कागद उलटा करून मी लिहीत गेले. सतरा गोष्टी झाल्या. बाईंना दाखवला तेव्हा त्यांनी त्यात आणखी पाच घातल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले.

घरी येऊन कागदाचा फोटो वहिनीला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, तरी लगेच उत्तर आलं :

"किल्ल्यांचं लिहायचं राहिलं."