देवी व्हायच्या आधीची जेन

जेन हेल्स हे नाव तुम्ही कधी ऐकलं नसणार. लंडनमधल्या एका श्रीमंत घरात ती धाकट्या मुलीला सांभाळायला होती. त्याच घरातली थोरली एव्हलिन चित्रकार झाली (लग्नानंतर एव्हलिन डी मॉर्गन, १८५५ ते १९१९) आणि तिनं या जेनलाच समोर बसवून वर्षानुवर्षं देव्या नि पुराणातल्या बायका काढल्या. तेही आईचा विरोध पत्करून, आईला मुलगी हवी होती, चित्रकार नको होती म्हणे. पण पोरगी १८७३ ला लंडनच्या स्लेड स्कूलला, म्हणजे चित्रकलेच्या शाळेत, गेलीच, आणि १८७७ ला ग्रोव्हनर गॅलरीत तिची अ‍ॅरियाडनी, ग्रीक पुराणातली राजकन्या, लागली, ती नाक्सॉस बेटावर सोडून दिलेली.

एव्हलिनची ऑइल्स (तैलचित्रं) नेटवर पटकन सापडतात. १८९४ ची फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी, बघा, अंगावर फुलं, पायाशी फुलं, मागं लोकाटचं झाड, एकेक पान सुटं काढलंय. १८९८ ची कॅसँड्रा, ग्रीक पुराणातली ट्रॉयची राजकन्या, मागं ट्रॉय जळतंय आणि ही स्वतःचे केस ओढतीये. भारीच आहेत, प्रश्नच नाही. पण मी सध्या अडकलीये ती तिच्या पेस्टल स्टडीजवर, म्हणजे कोरड्या रंगीत खडूंनी केलेल्या सरावचित्रांवर. मोठं चित्र करायच्या आधी ही बाई आधी नुसतं शरीर काढायची, मग कपड्याच्या चुण्या वेगळ्या, आणि डोकं वेगळं, पेस्टलमध्ये, ब्राऊन कागदावर. आणि त्या डोक्यांत देवीबिवी कोणी नाहीच हो! एक बाई आहे, जरा दमलेली, बसून बसून मान अवघडली असेल, पापण्या खाली. गालाच्या हाडावर उजेड, नाकाच्या शेंड्यावर थोडा, ओठ नीट, आणि केस मात्र चार फटकाऱ्यांत सोडून दिलेत. मधला सगळा रंग कागदाचाच आहे, म्हणजे तिथं तिनं हातच लावलेला नाही, फक्त उजेड वर आणलाय आणि सावली खाली ढकललीये. ऑइलमध्ये तोच चेहरा गुळगुळीत होतो, सुंदर होतो, आणि जेन जाते. मला विचाराल तर मी फ्लोरा देऊन जेन घेईन.

औंधच्या म्युझियमला गेलो तेव्हा पण हेच डोक्यात होतं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलेलं, यमाईच्या डोंगरावरचं, साताऱ्यात राहून ते बघितलं नसेल तर कमाल आहे तुमची. राजा स्वतः चित्रं काढायचा म्हटल्यावर कलेक्शन कसं असणार! तिथं रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, आणि रविवर्मा १८४८ चे, म्हणजे एव्हलिनच्याच पिढीतले, तिकडं ही ग्रीक पुराण काढतीये आणि इकडं हे आपलं. माझी काकू एका चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही देवी नाय गं, ही कोणाच्या तरी घरातली आहे, बघ की कशी बघतीये." बरोबरच आहे, रविवर्मापण माणसं समोर बसवूनच काढायचे. पण त्या समोर बसलेल्यांचं नाव कुठल्या पाटीवर येणार? निदान जेनचं तरी कळलं.

आता पेस्टलबद्दल, कारण आपल्याकडं दुकानात पेस्टल मागितले की शाळेतले तेलकट खडू पुढ्यात येतात. हे ते नाहीत. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड नि अगदी नावाला डिंक, सुकला सुकला म्हणायला त्यात ओलं काही नसतंच. पूड कागदाच्या खरखरीतपणात अडकून बसते, बस्स. म्हणून रंग असा ताजा दिसतो, आणि म्हणूनच बाही लागली की संपलं. फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवायचा फवारा) मारला तर उजळ जागा काळवंडतात. फ्रेममध्ये काचेला चिकटू द्यायचा नाही, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, आणि साताऱ्याच्या पावसात भिंतीला ओल असेल तर बुरशी ठरलेली, त्या भिंतीवर लावूच नका.

करून बघायचं असेल तर महागडा कागद आणायची गरज नाही. वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद घ्या, त्याची एक बाजू चकचकीत असते नि एक मॅट, मॅट बाजूला खडू चांगला धरतो. दोन-तीनच रंग, एक पांढरा, एक काळपट तपकिरी, जमलं तर एक विटकरी. कालांतरानं हा कागद पिवळा पडून तडकतो, सरावाला काही फरक पडत नाही. फक्त रोलमधला घ्या, घडीचा नको, घडीची रेघ बरोब्बर नाकावरून जाते.