चिपीहून मुंबईला जाणारं शेवटचं विमान

ऑक्टोबर २०२४ संपत आला होता, दिवाळी तोंडावर होती. चिपीहून मुंबईला जाणारं विमान त्या दुपारी शेवटचं सुटणार होतं. सरकारच्या उडान योजनेतली, म्हणजे स्वस्त विमानसेवेची, तीन वर्षांची मुदत संपली, पुढचं काही ठरलेलं नाही, एवढंच आम्हाला कळलं होतं. मी चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काम करतो. चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत प्रवाशाला नीट पोचवणं ही माझी जबाबदारी. सकाळी ड्यूटीवर येताना परुळ्यात गाडी थांबवून लोक विचारत होते, "एअरपोर्ट बंद होता म्हणतत, खरा काय?"

काम मात्र रोजचंच होतं. पाऊस सरला की सड्यावरचं, म्हणजे माथ्याच्या सपाट कातळावरचं, गवत पिकतं, गवतात किडे होतात, किड्यांमागे टिटव्या आणि घारी येतात. त्यांना हुसकावायला पोरं फटाके घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी होती. अडीच हजार मीटरची धावपट्टी नेहमीसारखीच तपासून झाली. अग्निशमनची गाडी तयार होती. विमान शेवटचं आहे म्हणून यातलं काही कमी करता येत नाही, आणि कुणाच्या मनातही ते आलं नाही.

काउंटरवर कोकणातलं सामान कसं असतं ते इथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. काजू, कोकमं, कोकमाचा रस म्हणजे आगळ, त्याच्या बाटल्या, चार पिशव्यांत गुंडाळूनही वास मारणारे सुके बांगडे. त्यात खोबऱ्याच्या वाट्या हमखास. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. त्या दिवशीही एका वहिनींच्या पिशवीतून दिवाळीच्या फराळासाठी घेतलेलं खोबरं काढावं लागलं. सोडायला आलेल्या दिराच्या हातात त्यांनी ते दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेक ट्रेननंच न्हेतलंय. आता इमान खंय आसा?"

व्हीलचेअरवर एक आजी होत्या. मुंबईत उपचार चालू होते, केमोची तारीख होती. सोबत पुतण्या. मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी, ती त्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या. याआधीही त्या आमच्याकडून गेल्या होत्या, त्यामुळे ओळख होती. आमचं विमान एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. त्याला मागच्या बाजूला दार असतं आणि त्याचीच छोटी अरुंद शिडी. व्हीलचेअर तिथे खालीच राहते. आजींना उचलायच्या खुर्चीत बसवून पट्टे बांधले. एक लोडर वर, एक खाली, मी बाजूला. उजव्या इंजिनचा पंखा ब्रेक लावून थांबवलेला असतो, पण इंजिन चालूच असतं, कारण या विमानाला जमिनीवर वीज त्यातूनच मिळते. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी कानाशी वाकलो.

"झिला," त्या म्हणाल्या, "मी परत येतलंय तेव्हा ह्या इमान आसताला मां?"

मी म्हटलं, "आजी, मुंबईचं नसणार. घरच्यांना दुसरी सोय बघायला सांगा." खोटा धीर देणं मला जमलं नसतं. त्यांना तारखा पाळायच्या होत्या.

विमान वेळेवर सुटलं. एकही सीट रिकामी नव्हती.

म्हणूनच 'प्रवासी मिळत नाहीत म्हणून विमान बंद झालं' असं कुणी सांगितलं की माझा जीव तुटतो. गणपतीत या मार्गावर सीट मिळावी म्हणून लोक ओळखी काढत. खरी अडचण भरवशाची होती. पावसाळ्यात ढग सड्यावर उतरले की विमान येणार की नाही हे आम्हालाही शेवटपर्यंत सांगता येत नसे. कधी ते माथ्यावर घिरट्या घालून परत जायचं. माणूस दोनदा असा अडकला की तिसऱ्यांदा कोकणकन्या एक्स्प्रेसचं रेल्वेचं तिकीट काढतो. त्यातच जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यात मोपा हे नवं एअरपोर्ट सुरू झालं. सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला ते जवळ, आणि तिथे विमानं भरपूर. मग तो इथे कशाला येईल?

उडान योजनेत विमानातल्या काही सीट ठरावीक कमी भाड्याला द्यायच्या आणि कंपनीची तूट सरकारने भरून काढायची, तीही तीनच वर्षं. तेवढ्यात मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते. पण ज्या मार्गाला पावसाळ्यात भरवसाच देता आला नाही, त्याची तीन वर्षं पुरी तीन कशी धरायची? ढगाळ हवेत विमान उतरवण्याची सोय आधी करायची आणि मगच वर्षं मोजायची, असं माझं स्पष्ट मत आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा सड्यावर माणूस मावत नव्हता. इथल्या लोकांनी जमिनी दिल्यात. आंबा-काजूची कलमं गेली, गुरांचं चरणं गेलं. पुणे, हैदराबाद, बंगळुरूची विमानं आठवड्यातून काही दिवस येत होती म्हणून टाळं लागलं नाही, एवढंच. पण इथल्या माणसाचं दवाखान्याचं, कोर्टाचं, नोकरीचं सगळं काम मुंबईत. मुंबईचं विमान नसेल तर हा विमानतळ या जिल्ह्याचा कसा म्हणायचा?

दिवाळीनंतर त्या पुतण्याचा फोन आला. पुढची केमो ठरली होती. कोकणकन्येचं वेटिंग लागलं होतं आणि आजींना रात्रभर बसून नेणं शक्य नव्हतं. मी त्याला मोपाहून मुंबईला जाणाऱ्या विमानांच्या वेळा लिहून पाठवल्या, व्हीलचेअर आधीच सांगून ठेव म्हटलं, आणि त्यांच्या गावापासून मोपापर्यंत गाडी सावकाश नेईल असा ओळखीचा ड्रायव्हर जोडून दिला. गाडीभाडं विमानाच्या तिकिटाच्या जवळपास जात होतं. परत यायचं भाडं वेगळंच.